बस्त्यांवचा कित्याक

त्या तळ्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. एकदा लिहिलं होतं, तेवढं पुरे झालं. मालवण तालुक्यातलं, डोंगरांच्या कुशीतलं गोड्या पाण्याचं एक तळं, काठावर देवीचं देऊळ, आणि वरच्या अंगाला जिथे व्हाळ येऊन मिळतो तिथे लव्हाळ्यांनी भरलेली दलदल, एवढं सांगितलं तरी काम भागेल. मला तळ्याबद्दल सांगायचंच नाही. मला बस्त्यांवबद्दल सांगायचं आहे, आणि ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

अठ्ठावन्न साली मी घाटावरून त्या गावात मास्तर म्हणून गेलो. तेव्हा हा सगळा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात होता. मी चोवीस वर्षांचा, सडाफटिंग. देवस्थानचे मानकरी तात्या गावकर यांनी आपल्या घराची पडवी मला राहायला दिली. तिथून तळं दिसे. दुसऱ्या की तिसऱ्या सकाळी दात घासत उभा होतो, तर तळ्याच्या मधोमध कमळांतून एक माणूस सरकत चालला होता. कमरेपर्यंत पाण्यात, वरचं धड कोरडं, डोक्याला टोपी. पोहत नव्हता, चालत नव्हता, आणि तरी पुढे जात होता. मी तात्यांना हाक मारली.

"तो बस्त्यांव," तात्या म्हणाले. "कित्याकात बसान पाखरां बघता."

मला त्यातलं अर्धंही कळलं नाही. मालवणीत 'कित्याक' म्हणजे 'कशासाठी', एवढं दोन दिवसांत कानावर पडलं होतं. कशासाठीत बसून पाखरं बघतो, म्हणजे काय?

ती गोष्ट पुढे गावातल्या प्रत्येकानं मला एकेकदा सांगितली. बस्त्यांव बावीस वर्षं परदेशी मालवाहू बोटींवर होता, भांडारात आणि मुदपाकखान्यात. उत्तरेकडच्या कुठल्याशा थंड बंदरात त्यानं एक विलक्षण होडी पाहिली. एका माणसापुरती, वरून मढवलेली, मधे बसायला भोक, आणि दोन तोंडांचं वल्हं. गुडघा कामातून गेल्यावर तो घरी परतला आणि आठवणीवर विसंबून त्यानं तशी होडी केली. भेंडीच्या झाडाच्या हलक्या लाकडाचा आणि वेताचा सांगाडा, त्यावर जुन्या शिडाचं कापड, कापडाला मोरीच्या तेलाचे आणि डांबराचे हात. मोरी म्हणजे शार्क. त्या होडीचा वास तळ्याच्या ह्या काठावरून त्या काठाला जाई. पहिल्यांदा ती पाण्यात घातली तेव्हा गाव जमला होता. कोणीतरी विचारलं, "ह्येका काय म्हणतत रे?"

"कयाक," बस्त्यांव म्हणाला.

"कित्याक म्हणजे? मी इचारतंय काय म्हणतत, आणि तू माकाच इचारतंस कित्याक?"

गाव हसला आणि होडीचं नाव कित्याक पडलं. त्यालाही ते आवडलं असावं. पुढे तोही कित्याकच म्हणू लागला.

सगळा गाव त्याला अरे-तुरे करी. मी तोंडावर अहो-जाहो करत असे, पण मनात तो मला कायम 'तो'च राहिला. तेव्हा त्याची पन्नाशी आली असेल. किडकिडीत, उन्हानं रापलेला, एका पायानं लंगडणारा. बोलताना समोरच्याकडे न बघता त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघायची सवय, म्हणून नवख्याला तो शिष्ट वाटे. मलाही वाटला. नंतर कळलं, की माणसाच्या मागे झाड असलं की त्याला त्या झाडावर काय बसलंय ते आधी बघावं लागे.

बायको नातालीन तोंडाची फटकळ आणि हाताची सढळ. ती दारात येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "लोकांचे घोव पाण्यातसून मासे हाडतत. माजो घोव नावां हाडता. नावांची कडी करू?"

आणि ते खरंच होतं. देवीच्या तळ्यात मासा मारायचा नाही, पाखराला दगड लावायचा नाही, हा गावाचा नेम. ह्या अटीवरच तात्यांनी बस्त्यांवला होडी घालू दिली होती, आणि त्यानं ती अट काटेकोर पाळली होती. तो रोज पहाटे जाई आणि उन्हं चढायच्या आत परत येई, रिकाम्या हातांनी. आणायचा ती नावं, आणि तीही त्याचीच. पुस्तक त्याच्याकडे नव्हतं, असतं तरी उपयोग नव्हता. पाद्रींच्या शाळेत तो रोमन अक्षरं शिकला होता, देवनागरी त्याला वाचता येत नसे. जांभळ्या पाणकोंबडीला तो 'बिस्प' म्हणे, कारण बिशपच्या झग्याचा रंग तोच. पंख पसरून खांबावर वाळत बसलेला पाणकावळा म्हणजे 'मिसाचो पाद्री', चर्चमधल्या मिसाला, म्हणजे प्रार्थनेला, हात पसरून उभा राहणारा. लांब शेपटीचा कमळपक्षी पानावरून पाय उचलत चालला की तो 'नवरी'. एकदा मी त्याला मराठी नावं सांगितली. त्यानं ऐकून घेतली, मान हलवली आणि म्हणाला, "बरी आसत. पण ही तुमची नावां आसत, मास्तरांनू. पाखराक ती बसाक व्हयी."

पाखरांचा हा नाद कुठून लागला, असं मी त्याला विचारलं होतं. त्याच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, बसलो होतो आणि नातालीन चहा गाळत होती.

"बोटीर," तो म्हणाला. "जमीन दोन दिवस मागे रवलेली. एक बारकासा पाखरू इला आणि दोरखंडाच्या भेंडोळ्यार पडला. मी तेका उचललंय, वाटयेत पाणी दिलंय. नाय घेतल्यान. माज्या हातात मेला. आणि माका तेचा नावय म्हायत नाय." मग म्हणाला, "माणूस मेलो तर कपेलात तेचा नाव घेतत. ह्येचा काय घेवचा?"

नातालीननं माझ्यापुढे चहा ठेवला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली, "चार महिने घरातलो कागद इलो नाय तेचा कायएक नाय. पाखराचा मात्र अजून मनात आसा." पण तिचा आवाज मऊ होता.

मी त्याच्यामागे लागलो तो असा. कित्याकात एकच माणूस मावे. देवळाची एक लाकडी डोणी होती, शेवाळ काढायची. तात्यांच्या परवानगीनं मी त्या डोणीत बसायचो आणि बस्त्यांव ती दोरीनं कित्याकाच्या मागे बांधायचा. सुट्टीच्या दिवशी पहाटे आमची ही वरात निघे. पुढे तो, मागे मी, दोरीला बांधलेलं ओझं. पहिल्याच दिवशी एक धीवर पक्षी दिसला म्हणून मी हात लांब करून दाखवला. धीवर उडाला. बस्त्यांवनं मान वळवली नाही. बऱ्याच वेळानं म्हणाला, "बोट दाखवू नकात. बोट आणि बंदूक पाखराक सारकीच दिसता."

मग त्यानं मला त्याची रीत सांगितली. ती मी शब्दन् शब्द लिहून ठेवली होती, आणि पुढे तीच मला नडली. तो म्हणाला, "आपून पाखराक बघूक जावचा नाय. आदी पाखराक आपणाक बघूंदे. तेचा बघून झाला, काय मग आपलो नंबर."

असा मी चार वर्षं त्याच्या मागच्या डोणीत बसलो. त्या चार वर्षांत त्यानं मला फार काही शिकवलं असं नाही. लव्हाळ्याला टेकून तो तासभर गप्प राही आणि मीही, एवढंच. घाटावरच्या घरी माझे वडील मोठ्या आवाजाचे होते. एका माणसाजवळ इतका वेळ न बोलता बसता येतं आणि तरी अवघडल्यासारखं होत नाही, हे मला तिथे कळलं.

शेवटच्या वर्षीच्या श्रावणात त्यानं मला एक गोष्ट दाखवली. दलदलीच्या तोंडाशी पाण्यावर वाकलेलं जांभळीचं एक जुनं झाड होतं, आणि त्याच्या खोडात माणसाच्या डोक्याहून उंच एक ढोली. त्या ढोलीत काणूक नावाच्या लहानशा बदकानं अंडी घातली होती. काणूक म्हणजे पांढरंशुभ्र, गळ्यात काळी कंठी घातल्यासारखं बदक. बस्त्यांव तीन पहाटे तिथे जाऊन बसला होता. चौथ्या दिवशी मला घेऊन गेला. निघताना दोरी बांधता बांधता म्हणाला, "मास्तरांनू, ह्या बघशात ता आपल्यातच रवाक व्हया. खंय लिवक नको, कोणाक सांगाक नको."

मी लिहितो हे त्याला माहीत होतं. मासिकांकडून परत आलेली माझी पाकिटं पोस्टमन शाळेच्या वाटेवरच्या त्याच्याच खळ्यात ठेवून जाई. मी "बरं" म्हणालो.

पाऊस थांबलेला होता. मादी ढोलीतून उतरून पाण्यावर आली, नर शेजारी. ती हळू आवाजात बोलावू लागली. ढोलीच्या तोंडाशी एक पिल्लू आलं, लिंबाएवढं, आणि बघता बघता त्यानं उडी टाकली. पंख नसलेला तो गोळा पाण्यावर टप्पकन आपटला आणि तरंगू लागला. मग दुसरं, तिसरं. सात पिल्लं उतरली. आठवं तोंडाशी येई आणि आत जाई. मादी सातांना घेऊन लव्हाळ्याकडे सरकू लागली. मला राहवेना, मी पुटपुटलो, "राहिलं ते."

"रवा," बस्त्यांव म्हणाला. "तेका घाय करू नकात."

किती वेळ गेला सांगता येणार नाही. आठवं पिल्लू पुन्हा बाहेर आलं, खाली बघत राहिलं आणि एकदम सुटलं. पाण्यावर पडताच ते आईच्या दिशेनं असं पळालं, की पाण्यावर रेघ उमटली. मी पुढे पाहिलं. बस्त्यांवनं टोपी काढून मांडीवर ठेवली होती. काणकांची रांग लव्हाळ्यात शिरेपर्यंत त्यानं ती डोक्यावर घातली नाही.

मी ते लिहिलं. त्याच आठवड्यात, पडवीत, कंदिलाशी बसून. कोणालाही द्यायचं नाही, नुसतं लिहून ठेवायचं, असं स्वतःला सांगत लिहिलं. पण ते चांगलं उतरलं. आधीच्या परत आलेल्या सगळ्या लिखाणापेक्षा चांगलं उतरलं, आणि हे मला लिहितानाच कळत होतं. वाचणाऱ्याला जागा डोळ्यांपुढे दिसावी म्हणून मी गावाचं नाव घातलं, कसालला उतरून कसं यायचं ते घातलं. थंडीत उत्तरेकडची बदकं उतरली की हे पाणी कसं काळं दिसतं, तेही घातलं. बस्त्यांवचं नाव घातलं. त्याची ती रीत त्याच्याच शब्दांत घातली. आणि स्वतःचं नाव तेवढं घातलं नाही. खाली 'प्रवासी' असं लिहिलं. मुंबईच्या एका साप्ताहिकानं ते दिवाळीनंतर छापलं. माझ्याकडे पोस्टानं अंक आला तो मी ट्रंकेत कपड्यांच्या तळाशी ठेवला, आणि रोज काढून वाचला.

डिसेंबरात एका संध्याकाळी जीप आली. शहरातले तिघे जण, चांगल्या घरचे, बोलायला गोड. त्यांनी दुकानावर विचारलं, "बस्त्यांव कुठे राहतो?" दुकानदारानं घर दाखवलं. मी शाळेतून येत होतो. जीपच्या मागच्या बाजूला कॅनव्हासमध्ये गुंडाळलेल्या बंदुका मला दिसल्या. मी घरी गेलो. बस्त्यांवकडे गेलो नाही.

त्यानं त्यांना नकार दिला, हे मला नंतर कळलं. 'तुमच्याबद्दल वाचूनच आलो, आम्हाला पाण्यात घेऊन चला,' असं ते म्हणाले. त्यानं सांगितलं, हे देवीचं तळं आहे, इथे बंदूक चालत नाही. ते हसले, चहा प्यायले आणि निघताना अंक त्याच्या खळ्यातल्या बाकावर ठेवून गेले.

दुसऱ्या पहाटे बार ऐकू आले. मी धावत काठावर गेलो. देवळाच्या बाजूनं तात्या आणि आणखी पाच-सहा जण आले. धुकं पुरतं उठलं नव्हतं. ते तिघे दलदलीच्या तोंडाशी झाडीत उभे होते, आणि पाण्यावर त्यांच्या बंदुकांच्या पुढे बस्त्यांव कित्याक वल्हवत होता. वल्हं पाण्यावर आडवं आपटत होता, मोठ्यानं ओरडत होता. मी त्याला ओरडताना त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. तो पाखरं उठवत होता, बंदूक पोचायच्या आत ती निघून जावीत म्हणून. पण पाखरं उठत होती ती अर्धी बंदुकांवरूनच जात होती, आणि पडत होती. मग तो पडलेल्यांकडे वळला आणि एकेक उचलून मांडीशी ठेवू लागला. त्या लोकांच्या हाती ती लागू नयेत म्हणून, आणि काही अजून जिवंत होती म्हणून. हे मला कळत होतं. त्याच्यामागे चार वर्षं बसलो होतो मी.

माझ्या शेजारी उभा असलेला एक जण म्हणाला, "बघितलास, हाको देता तो. हाको देता आणि गोळा करून देता."

तात्यांचा चेहरा मी बघितला. त्यांनाही तेच दिसत होतं. शिकारीत हाकारे करतात तेच बस्त्यांव करतोय, असंच काठावरून दिसत होतं. तेव्हा मी दोन वाक्यं बोललो असतो तरी पुरलं असतं.

गावकरी आरडाओरडा करत धावले तशी जीप निघून गेली. बस्त्यांवनं मेलेली पाखरं जांभळीखाली पुरली.

दुपारी नातालीन शाळेच्या दारात आली. ती कधी तिथे येत नसे. "मास्तरांनू, ते लोक एक कागद ठेवन गेले. तेच्यात काय लिवला हा ता आमका वाचूक येना नाय. वाचून दाखवशात?"

मी गेलो. बस्त्यांव बाकावर बसला होता, पाय लांब करून. मी अंक हातात घेतला, पान उघडलं आणि माझाच लेख त्याला वाचून दाखवला. गाळून वाचायचं मी येताना ठरवलं होतं, पण गाळता येईना. माझी वाक्यं मला पाठ होती आणि ती आपोआप तोंडातून येत गेली. तळं, गाव, कसालहून येणारी वाट, मोरीच्या तेलाचा वास. काणकाची पिल्लं एकापाठोपाठ एक उडी टाकत गेली. आठवं पिल्लू आलं तेव्हा नातालीन पदर तोंडाशी धरून ऐकत होती. मग ते वाक्य आलं, आदी पाखराक आपणाक बघूंदे. मी वाचलं. बस्त्यांव एरवी माणसाच्या खांद्यावरून बघायचा. तेव्हा त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं.

"कोणी लिवल्यान?" त्यानं विचारलं.

"खाली 'प्रवासी' आहे," मी म्हणालो.

"प्रवासी," तो म्हणाला. त्यानं अंक माझ्या हातातून घेतला आणि मिटला. "बरा लिवल्यान हा."

त्या रविवारी देवळाच्या आवारात गाव बसला. बस्त्यांव मिसाहून थेट आला, धुतलेला पांढरा सदरा घालून. सगळे खाली बसले होते आणि तो दीपमाळेजवळ उभा होता, दुखरा पाय हलकेच टेकवून. त्याला कोणी बस म्हटलं नाही.

"बस्त्यांव," तात्या म्हणाले, "त्या लोकांक तू हाडलंस?"

"नाय."

"मग तुजाच नाव घेवन कशे इले?"

"माजा नाव खंयतरी लिवलेला होता."

"कोणी लिवल्यान?"

"लिवणाऱ्यान आपला नाव घालूक नाय." तो माझ्याकडे बघत नव्हता, समोर देवळाच्या पायरीकडे बघत होता.

पाखरं उठवली ती कशाला, पाखरं गोळा केली ती कशाला, असं लोकांनी विचारलं. त्यानं खरं होतं ते सांगितलं. पण खरं सांगताना माणसाला जी घाई होते, ती त्याला झाली नाही. एकदाच सांगितलं आणि गप्प झाला, म्हणून ते कोणाला पटलं नाही. तात्या सरळ माणूस होते. ते माझ्याकडे वळले. "मास्तरांनू, तुमी तेच्यावांगडा असास. तुमी शिकलेले. तुमका कायतरी म्हायत आसतला."

मी त्यांच्या पडवीत राहत होतो. परका होतो, नोकरी अजून कायम व्हायची होती, घाटावर लग्नाचं बोलणं चाललं होतं. ही सगळी कारणं मी पुढे पुष्कळदा स्वतःला दिली आहेत. त्या घटकेला ह्यातलं काहीच मनात नव्हतं. मनात एवढंच होतं, की सगळे माझ्याकडे बघतायत आणि ते थांबावं.

"मला काही माहीत नाही," मी म्हणालो.

गावानं ठरवलं की आजपासून तळ्यात कोणाचीच होडी जाणार नाही. कोणाचीच म्हटलं तरी होडी एकच होती. बस्त्यांव म्हणाला, "बरा." मग तो काठावर गेला, कित्याक उलटा करून पाणी काढलं, डोक्यावर घेतला आणि लंगडत गावातून घरी नेला. वाटेत पोरं उभी होती. एरवी ती कित्याकामागे हसत धावायची. त्या दिवशी बाजूला झाली.

पुढची दीड वर्षं मी त्याच गावात होतो. शाळेला जायची जवळची वाट त्याच्या दारावरून जाई, मी शेतांतून लांबच्या वाटेनं जाऊ लागलो. जखमी पाखरांतलं एक त्यानं वाचवलं होतं. त्याला टोपलीखाली ठेवून त्यानं दोन-अडीच महिने भात आणि शेवाळ घातलं. शिमग्याच्या सुमारास त्यानं माझ्याकडे निरोप पाठवला, उद्या सकाळी सोडतंय, बघूक येवा. मी कळवलं, पेपर तपासायचे आहेत. पेपर नव्हते. त्या सकाळी पडवीत उभं राहून मी तळ्याकडे बघत होतो. तो काठावर एकटाच आला. हात उघडले. पाखरू पाण्यावर उतरलं, थोडं पोहलं आणि उडालं. तो तिथेच उभा राहिला. मग पडवीच्या दिशेनं वळून बघितलं की काय, मला सांगता येणार नाही, कारण मी आत गेलो होतो.

चौसष्टच्या जूनमध्ये माझी बदली झाली. मीच मागून घेतली होती. निघताना सगळ्या गावाला भेटलो. त्याला भेटलो नाही.

त्यानंतर तो मला एकदाच दिसला. अडुसष्ट साल असेल. आम्ही काही शिक्षक गोव्याची सहल करून परतत होतो. इन्सुलीच्या नाक्यावर गोव्याहून येणाऱ्या गाड्या दारूसाठी तपासत. आमची गाडी थांबली, तशी तपासणीसाठी बॅग हातात घेऊन उतरलो, तर पुढच्या एस.टी.तून उतरलेल्या लोकांच्या रांगेत बस्त्यांव उभा होता. म्हातारा झाला होता. हातात कापडी पिशवी. गोव्यात बहिणीकडे गेला होता. पूर्वी हद्द बंद असताना त्याला तिचं तोंड दिसत नसे, आता वर्षातून एकदा जाई, असं त्यानंच सांगितलं. मला बघून त्याला आनंद झाला. खरंच झाला. बायको कशी आहे, मुलं किती, सगळं विचारलं. नातालीनचे गुडघे गेलेत म्हणाला.

मी विचारलं, "काणूक येतात का हो?"

"दोन वरसां नाय इली. मागीर इली. काठार कपडे धुणारी चेडवां सांगतत."

"बस्त्यांव," मी म्हणालो, "तो लेख मी लिहिला होता."

तो माझ्या खांद्यावरून रस्त्यापलीकडे बघत होता. "म्हायत आसा माका. तुमी वाचून दाखवलास, तेवाच."

"मग गावापुढे बोलला का नाहीत? मला का नाही विचारलंत?"

"तुमी सांगशात म्हणान वाट बघलंय."

माझ्या तोंडून निघालं, "किती दिवस?"

"तुमची बदली होयसर," तो म्हणाला. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. मी विचारलं म्हणून त्यानं सांगितलं होतं.

मी म्हणालो, आता तात्यांना पत्र लिहितो, सगळं कळवतो. तो म्हणाला, तात्या दोन वर्षांपूर्वीच गेले. मग आमच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला. "जावा, गाडी सुटात," बस्त्यांव म्हणाला, आणि माझ्या दंडावर हात ठेवून त्यानं मला जरासं पुढे लोटलं.

आमच्या गाडीच्या दाराशी पोलीस उभा होता. माझ्या हातात भली मोठी बॅग होती. त्यानं बॅगेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, "मास्तर काय? बसा, बसा," म्हणाला आणि बाजूला झाला. मी खिडकीशी बसलो. तिकडे रांग पुढे सरकली होती. बस्त्यांवचा नंबर आला, आणि पोलिसानं काही म्हणायच्या आधीच तो पिशवीतून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडू लागला. पावांची चवड, कागदात बांधलेली सुकी मासळी, बायकोसाठी घेतलेली तेलाची बाटली. शेवटी त्यानं पिशवी उलटी करून झटकली आणि रिकामी पिशवी दोन्ही हातांनी उघडी धरून पोलिसापुढे उभा राहिला.

गाडी सुटली.